कुत्र्याने सांगितलेली कादंबरी वाचू का सोडू?

पत्र : 'आमच्या गावच्या वाचनालयात बायांचा वाचक गट आहे. महिन्याला एक पुस्तक ठरते, सगळ्याजणी वाचतात, मग एका दुपारी बसून त्यावर बोलणं होते. पोळ्यानंतरच्या बैठकीसाठी मॅडमने एक कादंबरी काढली. ती म्हणे सगळी एका कुत्र्याने सांगितली आहे. मागच्या कव्हरवर 'हृदयस्पर्शी, ऊबदार, आयुष्य बदलून टाकणारी' असं छापलं आहे. माझ्या दोन अडचणी आहेत. आमच्या जोडीतला एक बैल आषाढात साप चावून गेला. नऊ वर्षं घरी होता. राहिलेला बैल अजूनही त्याची जागा सोडून उभा राहते. अशात जनावर मरायचं पुस्तक मले झेपन का? दुसरं, कुत्रा बोलते म्हणजे हे लेकरायचं पुस्तक झालं ना? घरचे हासतात. पुस्तक पंधरा दिवसांत परत करा लागते आणि रात्री अर्धा-पाऊण तासच भेटते. वाचू का सोडू?'
एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई, बैलाचं वाचून वाईट वाटलं. नऊ वर्षं म्हणजे घरातलं माणूसच गेलं. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणताना तुम्ही एकाच बैलापुढे उभ्या असाल आणि नेमक्या त्याच दिवसांत हे पुस्तक हातात असेल. तुमची शंका रास्त आहे. तिला कोणी हसण्याचं कारण नाही.

कादंबरीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून 'वाचा' किंवा 'सोडा' असं एका शब्दात सांगत नाही. पण तीन रात्रींत, चाळीसेक पानांत तुमचं तुम्हालाच ठरवता येईल अशी रीत आहे, ती सांगतो. सुरुवात तुमच्या दुसऱ्या अडचणीपासून करू. ती मोकळी झाली की बैलाच्या दुःखाकडे नीट बघता येईल.

प्राणी बोलतो म्हणून पुस्तक लहान मुलांचं होत नाही. घोड्याच्या तोंडून सांगितलेली 'ब्लॅक ब्यूटी' 1877 साली इंग्लंडमध्ये निघाली. लेखिका ॲना स्यूएल हिने ती लिहिली घोडे हाकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, त्यांनी जनावराला नीट वागवावं म्हणून. मुलांच्या कपाटात ती नंतर गेली. जपानमध्ये नात्सुमे सोसेकी यांनी 1905-06 मध्ये मांजराच्या तोंडून एक लांबलचक कादंबरी लिहिली. ती पढीक माणसांच्या ढोंगावरची बोचरी टीका आहे. लहान मुलाला त्यातलं फारसं कळणार नाही आणि ऊब शोधणाऱ्यालाही ती सापडणार नाही. म्हणजे मुखपृष्ठावर मांजर किंवा कुत्रा आहे एवढ्यावरून पुस्तक कोणासाठी आहे हे कळत नाही, आणि ते गोड आहे की कडू हेही कळत नाही.

मग कशावरून कळतं? त्या प्राण्याला काय *कळत नाही* यावरून. आमच्या मते अशा कादंबरीची सगळी परीक्षा इथेच आहे. कुत्रा घरातलं सगळं बघतो, हुंगतो, ऐकतो; पण माणसांच्या व्यवहाराचा अर्थ त्याला अर्धाच लागतो. उरलेला अर्धा वाचणाऱ्याला लागतो. त्या मधल्या फटीतूनच वाचकाचा जीव हलतो. एक नमुना करून दाखवतो. समजा, आपल्याकडच्या एखाद्या कास्तकाराच्या घरचा कुत्रा सांगतो आहे :

'मालक बाजारातून आला. बंडी रिकामी होती. दर खेपेला तो माझ्यासाठी कागदाच्या पुडीत शेव आणतो, आज खिशाला शेवेचा वास नव्हता. मालकिणीने काही विचारलं नाही. तिने ताट वाढलं, त्याने सरकवून दिलं. मी सकाळी त्याची चप्पल चावली होती. म्हणून मी बाजेखाली जाऊन बसलो.'

कापसाचा भाव पडला हे कुठेच लिहिलेलं नाही, पण तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच कळलं. कुत्रा मात्र चपलेचा दोष अंगावर घेऊन बाजेखाली बसला आहे. आता हेच कच्च्या हाताचा लेखक कसं लिहील ते बघा :

'कापसाला भाव न मिळाल्याने माझा मालक निराश झाला होता. त्याला काय माहीत, की खरं धन पैशात नसून प्रेमात असतं! मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला जगण्याचा अर्थ समजावला.'

इथे कुत्रा राहिलाच नाही. कुत्र्याचं कातडं पांघरलेला एक प्रवचनकार तेवढा उरला. पहिला नमुना वाचून तुमच्या पोटात काही हललं असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी आहे, मग घरचे काहीही म्हणोत. 'कुत्र्याला एवढं तरी कसं कळलं' असं पहिल्या नमुन्यातही मनात आलं आणि ते जाईना, तर हा प्रकार तुम्हाला तीनशे पानं पुरणार नाही. त्यात कमीपणा काही नाही. खूप चांगले वाचक या जागी अडतात आणि त्यांनी दुसरं पुस्तक घ्यावं हेच बरं.

आता पहिल्या रात्रीचं काम. पहिली दहा पानं वाचा. पुस्तक वाचनालयाचं आहे, म्हणून खुणा त्यात न करता एका चिठ्ठीवर करा. तीन गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली, प्राणी जग कशाने ओळखतो. कुत्र्याचं जग आधी नाकाचं, मग कानाचं, डोळ्यांचं सगळ्यात शेवटी. त्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. लाल आणि हिरवा जवळपास सारखाच मळकट दिसतो. तेव्हा 'लालभडक लुगडं नेसलेली बाई हिरव्यागार बांधावरून आली' असं कुत्रा सांगू लागला, की लेखक माणसाच्याच डोळ्याने लिहितो आहे असं समजावं. घोडा-बैलाचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात. त्यांना आजूबाजूचं आणि मागचंही बरंच दिसतं, पण थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून मुकाट्याने गेलं की बैल दचकतो, हे तुम्हाला सांगायला नको. लेखकाला हे माहीत आहे की नाही ते तुम्ही चटकन पकडाल, आणि शहरातल्या वाचकापेक्षा चांगलं पकडाल. राहिलेला बैल सोबत्याची जागा सोडून उभा राहतो हे ज्या नजरेने टिपलं, तीच नजर इथे लागते.

दुसरी, प्राण्याला माहीत असलेली गोष्ट त्याला कुठून कळली. लेखकाने सूट घ्यायला हरकत नाही, पण घेतलेली सूट उघड सांगावी आणि शेवटपर्यंत पाळावी. गार्थ स्टाईन यांच्या 'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' (2008) मधला कुत्रा एन्झो तत्त्वज्ञान सांगतो, मोटार शर्यतींवर बोलतो. हे कुठून शिकलास, याचं उत्तर तो सुरुवातीलाच देऊन टाकतो : घरी टीव्ही चालू असतो, तो बघून. पटो न पटो, नियम ठरला. त्रास होतो तो पाचव्या पानावर 'कर्ज म्हणजे काय मला कळत नाही' म्हणणारा कुत्रा पन्नासाव्या पानावर वकिलाची नोटीस समजावून सांगू लागतो तेव्हा.

तिसरी, सुविचार. भिंतीवर लावता येईल असं प्रत्येक वाक्य चिठ्ठीवर रेघ मारून मोजा. दहा पानांत एक-दोन आले तर चालतं. चार-पाच झाले, तर पुढची सगळी पानं तशीच असतात. सुरुवातीला लेखक हात राखून असतो, शेवटाकडे सैल सोडतो. 'ऊबदार' म्हणून विकल्या जाणाऱ्या कादंबऱ्या बिघडतात त्या बहुतेक इथे. पुरणात गूळ वाजवीपेक्षा जास्त पडला की डाळ लागतच नाही, तसं या पुस्तकांत प्रेमाचं बोलणं वाढलं की माणसंही लागत नाहीत आणि जनावरही. कव्हरवरच्या 'आयुष्य बदलून टाकणारी' या शब्दांना काही वजन देऊ नका. ते प्रकाशकाचे शब्द असतात आणि या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर असतात.

पानं वाचताना एक-दोन पानं मोठ्याने वाचा, विशेषतः पुस्तक अनुवादित असेल तर. प्राण्याची भाषा साधी, आखूड वाक्यांची हवी. 'तथापि' आणि 'त्यायोगे' म्हणणारा कुत्रा मूळ पुस्तकात चांगला असला तरी मराठीत मेलेला असतो.

दुसरी रात्र मरणासाठी ठेवा. स्पष्टच लिहितो, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

या प्रकारच्या कादंबऱ्यांत मरण बहुतेक वेळा असतंच. कुत्र्या-मांजराचं आयुष्य माणसापेक्षा आखूड, आणि आख्खं आयुष्य सांगायचं म्हटलं की शेवट त्यात येतो. पण ते मरण कुठे बसवलं आहे यावर वाचणाऱ्याला ते कसं लागेल हे ठरतं. काही पुस्तकं पहिल्या पानावरच सांगून टाकतात. वर सांगितलेला एन्झो म्हातारा आहे, मरणाच्या आदल्या संध्याकाळपासून तो मागची गोष्ट सांगायला बसतो. शेल्बी व्हॅन पेल्ट यांच्या 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स' (2022) मध्ये मत्स्यालयातला एक अजस्र ऑक्टोपस आपले किती दिवस उरलेत हे सुरुवातीलाच मोजून दाखवतो, कारण त्याच्या जातीला मुळात तीन ते पाच वर्षांचंच आयुष्य असतं. अशा पुस्तकांत हुरहुर पहिल्यापासून असते, पण धक्का नसतो. डब्ल्यू. ब्रूस कॅमेरॉन यांच्या 'अ डॉग्ज पर्पज' (2010) मध्ये उलट आहे. तोच कुत्रा मरतो आणि पुन्हा दुसऱ्या कुत्र्याच्या जन्माला येतो, असे चार जन्म. पुनर्जन्म आपल्याला परका नाही, त्यामुळे काही वाचकांना त्यात फार दिलासा मिळतो. पण एका पुस्तकात मरण पुन्हा पुन्हा सोसावं लागतं हेही खरं. आणि 'ब्लॅक ब्यूटी'त गोष्ट सांगणारा घोडा शेवटी चांगल्या घरी सुखाने राहतो, पण त्याची सोबतीण जिंजर मधेच, राबवून राबवून झिजवल्यावर मरते. सांगणारा जगला म्हणजे पुस्तक सुखाचं, असं धरून चालू नका.

हिरो अरिकावा यांची मांजराची जपानी कादंबरी आहे, इंग्रजीत 'द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स' नावाने आलेली. एक तरुण आपलं मांजर सांभाळायला कोणी मिळतं का हे बघत जुन्या मित्रांकडे गाडीने फिरतो. तिथे मांजराचं भलंच होतं. डोळ्यांत पाणी येतं ते माणसासाठी. ज्यांना जनावराचं मरण आत्ता नको आहे त्यांना हा प्रकार सोसू शकतो, फक्त घरात अलीकडे कोणाचं दुखणंखुपणं झालेलं नसावं.

तुमचा बैल साप चावून गेला, म्हणजे एका रात्रीत, काही हाताशी नसताना. आमचं मत असं की अशा दुःखात आधीच सांगितलेलं मरण त्या मानाने झेपतं. मधेच अचानक येणारं मरण, त्यातही अपघात किंवा विषबाधा, आत्ता टाळलेलं बरं. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. परदेशी कादंबऱ्यांत म्हातारं, दुखणाईत कुत्रं डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शनने शांत करतात, घरचे त्याला धरून बसतात, आणि लेखक ते मायेचं कृत्य म्हणून लिहितो. आपल्या गावात जनावराला असं मरण देण्याची रीत नाही, त्यामुळे ती पानं अनपेक्षित आली तर मनाला लागतात किंवा राग येतो. तिथे दवाखाना, औषध, गाडी सगळं वेळेवर असतं, याचीही सल तुम्हाला होऊ शकते. 'आपल्याला त्या रात्री डॉक्टर भेटला असता तर' हा हिशेब डोक्यात सुरू झाला, त्या पानावरून पुढे सरकेना, झोप उडाली, तर पुस्तक मिटा. ते पुस्तक चांगलं असेल, पण या आषाढ-श्रावणात तुमच्यासाठी नाही.

हे सगळं आधी कळायचं कसं? शेवटचं प्रकरण आधी वाचा. यात गैर काही नाही. शेवट माहीत असूनही ज्या पुस्तकात मन लागतं तेच गटात बोलण्यासारखं असतं. शेवटच्या प्रकरणात सांगणारा तोच आहे का, 'मी'ची जागा दुसऱ्या कोणी घेतली का, एवढं पाहिलं तरी बरंच उमगतं. त्याशिवाय मॅडमना 'पुस्तक कसं आहे' असं न विचारता नेमकं विचारा : कोण मरतं, कशाने मरतं, कितव्या पानावर. त्या पानांपाशी कागदाचा कपटा घालून ठेवा, म्हणजे बेसावध सापडणार नाही. घरात कोणी फोनवर इंग्रजी वाचत असेल तर 'डझ द डॉग डाय' नावाचं संकेतस्थळ आहे. सिनेमा-पुस्तकांत जनावर मरतं का याची हो-नाही उत्तरं तिथे लोकांनीच नोंदवलेली असतात. फोनवर मिळणारा ई-पुस्तकाचा फुकट नमुना मात्र या कामाला उपयोगी नाही. त्यात फक्त सुरुवातीची पानं असतात आणि मरण सुरुवातीला क्वचितच असतं.

आता एक गोष्ट, जी कव्हरवर कधी लिहिलेली नसते. 'ऊबदार' म्हणून गाजलेल्या कुत्र्याच्या बहुतेक कादंबऱ्या शहरी घरातल्या पाळीव कुत्र्याच्या आहेत. तो पलंगावर झोपतो, त्याचा खाऊ दुकानातून येतो, त्याच्याकडून घराचं काही काम अपेक्षित नसतं. तुमच्या घरचा कुत्रा ओसरीत झोपतो, शिळी भाकर खातो, जागलीला वावरात येतो. आणि ज्याच्यासाठी तुम्ही रडलात तो बैल, त्याच्या खांद्यावर घर चाललं होतं. कासरा, तुतारी, जू, चिखलात रुतलेली बंडी, दुपारी झाडाखाली सोडल्यावरचं पाणी, हे त्या नात्यात आहे. अशा नात्यातून आलेल्या बाईला सोफ्यावरच्या कुत्र्याचे लाड वाचताना मधूनमधून 'हे काय' असं वाटणारच. असं वाटलं तर आपलं मन कोरडं आहे असं मुळीच समजू नका. नातंच वेगळं आहे.

म्हणूनच तुमच्यासारख्या घराला 'ब्लॅक ब्यूटी' जास्त जवळची वाटेल असं आम्हाला वाटतं. तो कामाचा घोडा आहे. मालक बदलतात, हात बदलतात. कोणी पाठीवर थाप मारून काम घेतो, कोणी चाबकाने. एक जागा तर तुम्ही वाचावीच. त्या काळी श्रीमंतांच्या गाडीच्या घोड्यांची मान दिमाखात उंच दिसावी म्हणून एका आखूड पट्ट्याने वर आवळून ठेवत. चढाला गाडी ओढताना घोड्याला मान खाली घालून अंगाचा भार जुवाडीवर टाकावा लागतो; पट्ट्याने ते जमत नाही, पाठ भरून येते, श्वास कोंडतो. हे सगळं घोडा स्वतःच्या मानेवरून सांगतो. वेसण किती ओढली की बैल मान कशी टाकतो हे ज्याने पाहिलं आहे त्याला तो उतारा समजावून द्यावा लागत नाही. लेखिकेचे पाय लहानपणी दुखावले होते, तिला जाण्यायेण्याला घोडागाडीचाच आधार होता. पुस्तक निघालं आणि काही महिन्यांत, 1878 मध्ये, ती वारली. कादंबरीत 49 लहान प्रकरणं आहेत, त्यामुळे रात्रीच्या अर्ध्या-पाऊण तासात दोन-तीन प्रकरणं आरामात होतात. मराठीत घेताना मुलांसाठीची संक्षिप्त प्रत तर नाही ना, हे पानं बघून घ्या; चाळीस-पन्नास पानांच्या चित्रांच्या प्रतीत हा पट्ट्याचा भाग बहुधा गळलेला असतो. इंग्रजी मूळ पुस्तक 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर फुकट आहे.

प्राण्याने बोलणंच पटत नसेल तर त्याही वाटा आहेत. ऑक्टोपसच्या ज्या कादंबरीचा उल्लेख केला त्यात ऑक्टोपस स्वतः मोजकीच, आखूड प्रकरणं सांगतो. बाकी गोष्ट मत्स्यालयात रात्री साफसफाई करणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेची आणि तिच्या हरवलेल्या मुलाची, नेहमीच्या पद्धतीने सांगितलेली. निम्म्या वाटेवरच्या वाचकाला ते सोपं जातं. आणि एकही जनावर माणसासारखं बोलत नाही असं वाचायचं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' घ्या. वानरांच्या टोळ्यांची ही कादंबरी 1983 च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी आहे. पण ती ऊबदार नाही. टोळीचा धनी बदलतो तेव्हा पिल्लांचं काय होतं हे माडगूळकरांनी डोळा न झाकता लिहिलं आहे, म्हणून ती तुम्ही दिवाळीनंतर घ्या, आत्ता नको.

तिसऱ्या रात्री कादंबरी बाजूला ठेवा आणि एक छोटी चाचणी करा. प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' ही हिंदी गोष्ट वाचा. 1931 ची आहे, एका बैठकीत होते, हिंदीही सोपं आहे. हिरा आणि मोती ही बैलजोडी. धनी त्यांना सासुरवाडीला पाठवतो, ते दावं तोडून परत येतात, पुन्हा नेले जातात, उपाशी राबतात. एक लहान मुलगी रात्री चोरून त्यांना पोळी घालते. शेतातल्या सांडाशी दोघं मिळून झुंजतात, कोंडवाड्यात अडकतात, खाटकाच्या हाती लागतात आणि ओळखीची वाट दिसताच धावत घर गाठतात. बैल आपसात मुक्या भाषेत बोलतात, पण गोष्ट लेखक सांगतो. दोघंही शेवटी जिवंत घरी येतात, हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो. ही वाचून मन मोकळं झालं, तर गटाची कादंबरी घ्यायला हरकत नाही. गोठ्याकडे बघवेना असं झालं, तर यंदा कादंबरी सोडा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. घड्याळ लावून पाच पानं वाचा आणि किती मिनिटं लागली ते बघा. पानाला दोन मिनिटं लागत असतील तर पाऊण तासात बावीसेक पानं होतात, तीनशे पानांचं पुस्तक चौदा रात्रींत. पंधरा दिवसांत ते जेमतेम बसतं आणि आधीच्या तीन रात्री पारखण्यात जातात, म्हणून पुस्तक घेतानाच मॅडमना मुदत वाढवून मिळेल का ते विचारून ठेवा. शेवटची पन्नास-साठ पानं रात्री वाचू नका. ती दुपारच्या उजेडात, घरात कोणी असताना वाचा. अशा पुस्तकाचा शेवट रात्री एकटीने वाचला की तो रात्रभर सोबत राहतो. पोळा आणि त्याचा आदला दिवस हे दोन दिवस पुस्तक उघडूच नका.

आणि गटाचं. पुस्तक पुरं न वाचताही बैठकीला बसता येतं. वाचलेल्या पानांपैकी एक जागा निवडून जा : कुत्र्याला तिथे काय कळलं नाही आणि आपल्याला काय कळलं. एवढ्या एका प्रश्नावर तासभर बोलणं होतं आणि 'मला फार आवडलं, रडू आलं' यापलीकडे गट जातो. तुमच्या बैलाबद्दल कोणी विचारेल, गावात सगळ्यांना माहीतच असेल. बोलायचं नसेल तर मॅडमना आधी सांगून ठेवा, त्या विषय वळवतील. बोलावंसं वाटलं तर राहिलेला बैल जागा सोडून उभा राहतो हे सांगा. कादंबरीतल्या पुष्कळ पानांपेक्षा ते ऐकणाऱ्यांना खरं वाटेल.

वाचायचं नाही असं ठरलं, तर पंधरा दिवस पुस्तक घरात ठेवू नका, चौथ्या दिवशीच परत करा. गावच्या लहान वाचनालयात प्रत बहुतेक एकच असते, म्हणजे तुमच्या मागच्या बाईला अकरा दिवस जास्त मिळतील. परत करतानाच पुढच्या महिन्यासाठी 'ब्लॅक ब्यूटी'ची पूर्ण प्रत तालुक्याच्या वाचनालयातून मागवता येईल का, ते मॅडमना विचारा.